महागड्या जीपीएस घड्याळाची बॅटरी लवकर उतरते? आधी हे बघा

खोक्यावर वीस दिवस छापलेले असतात आणि घड्याळ पाचव्या दिवशी चार्जिंगला लावावे लागते. तो आकडा बहुधा जीपीएस बंद ठेवून केलेल्या साध्या वापराचा असतो. धाव किंवा ट्रेक नोंदवताना हिशेब तासांचा करायचा.

सर्वांत जास्त बॅटरी खाते मल्टी-बँड जीपीएस. उपग्रहांचे एल१ आणि एल५ असे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींचे दोन्ही संकेत घेतल्यामुळे उंच इमारतींमध्ये किंवा सह्याद्रीच्या घळीत मार्ग नेमका उमटतो. तिथे ते जरूर चालू ठेवा. रोजच्या मोकळ्या रस्त्यावर मात्र साधे जीपीएस पुरते. त्याखालोखाल सतत उजळलेला अमोलेड स्क्रीन. मनगट वळवल्यावरच उजळेल असे सेटिंग करा. रात्रभर रक्तातला ऑक्सिजन मोजणे मी तरी बंदच ठेवतो. घड्याळातून ब्लूटूथवर गाणी ऐकली तरी बॅटरी भराभर उतरते.

एका वेळी एकच बदल करा आणि रोज झोपताना व उठल्यावर टक्केवारी लिहून ठेवा. हे सगळे बंद करूनही एका रात्रीत १०-१५ टक्के जात असतील, तर ती नोंद घेऊन वॉरंटी संपायच्या आत सर्व्हिस सेंटर गाठा.