अमॉक्सिसिलिन घेताना या चुका टाळा

"कालपासून गोळी चालू आहे, तरी ताप हटत नाही. जरा स्ट्राँग काहीतरी द्या." औषधांच्या काउंटरमागे उभं राहायला लागल्यापासून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याची गणती नाही. विचारलं तर कळतं, पोटात गेलेत फक्त दोन डोस. आणि मुळात ही तापाची गोळी नाहीच! रांग लागलेली असताना हे समजावता येत नाही, म्हणून इथे सवडीने लिहितोय.

अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या घराण्यातलं, १९७२पासून वापरात असलेलं अँटिबायोटिक. आधीचं मूळ पेनिसिलिन जठरातल्या आम्लात टिकत नसे, हे टिकतं. म्हणूनच ते गोळी, कॅप्सूल किंवा सिरप म्हणून तोंडाने घेता येतं, आणि जेवणाआधी घेतलं काय की नंतर, फारसं बिघडत नाही. मळमळत असेल तर खाऊन घ्यावं.

त्याचं काम समजून घेतलं की निम्म्या चुका आपोआप टळतात. जिवाणूभोवती एक भिंत असते, साखळ्यांना आडवे टाके घालून विणलेली. वाढताना जिवाणू ही भिंत सतत थोडी उसवतो आणि पुन्हा शिवतो. शिवणारं जे एन्झाइम असतं, त्याला अमॉक्सिसिलिनचा रेणू टाका घालायच्या टोकासारखाच दिसतो. ते त्याला पकडतं आणि तिथेच अडकून बसतं. उसवणं चालू, शिवणं बंद. भिंत विरत जाते, पाणी आत शिरतं आणि जिवाणू फुगून फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंत नाही, म्हणून त्या वाचतात. विषाणूंनाही नाही, म्हणून सर्दी, फ्लू आणि बहुतेक घसादुखीत या औषधाला करायला कामच नसतं. चौथ्या दिवशी सर्दी उतरते ती आपली आपण, आणि श्रेय गोळी घेऊन जाते. दातदुखीचंही तसंच. ठणका कमी करायला वेदनाशामक लागतं आणि दातावर इलाज लागतो. सूज पसरत असेल किंवा ताप असेल तर अँटिबायोटिकची गरज आहे का, हे दंतवैद्य ठरवतील.

'तीन वेळा' म्हणजे जेवणाच्या तीन वेळा नव्हेत

ही चूक सर्वात जास्त होते आणि सर्वात कमी लक्षात येते. १९४१मध्ये ऑक्सफर्डला एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन टोचलं, तेव्हा औषध मूत्रपिंडांतून इतक्या झपाट्याने बाहेर पडत होतं की डॉक्टरांनी ते त्याच्या लघवीतून गाळून पुन्हा टोचलं. तो सुधारू लागला होता, पण साठा संपला आणि तो वाचला नाही. अमॉक्सिसिलिनही तसंच घाईने निघून जातं. मूत्रपिंडं धडधाकट असतील तर साधारण तासाभरात रक्तातली मात्रा निम्मी होते.

आता सकाळी ८, दुपारी १ आणि रात्री ८ असं वेळापत्रक बघा. रात्री ८ ते सकाळी ८ मध्ये बारा तासांची मोकळीक मिळते आणि जिवाणू तेवढ्यात टाके घालून घेतात. त्यापेक्षा सकाळी ६, दुपारी २, रात्री १० बरं. मिनिटाचा हिशेब ठेवायची गरज नाही, पण अंतर सारखं राहू द्या. चिठ्ठीवर दिवसातून दोनदा लिहिलं असेल तर बारा-बारा तासांनी.

"मग एकदम दोन घेतल्या तर?" नाही. मात्रा दुप्पट केली, तर ती निम्मी होऊन मूळ मात्रेवर यायला तासच लागतो. म्हणजे दोन गोळ्या घेऊन पदरात पडतो एक जादा तास, वर पोट बिघडतं ते वेगळंच. हे औषध जोरावर चालत नाही, किती वेळ टिकून राहतं त्यावर चालतं. म्हणून डोस चुकला तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या, जोडीने घेऊ नका.

ड्राय सिरप: फेसाने मलाही फसवलंय

बाटलीतल्या पावडरीत पाणी घालणं हे काम सोपं वाटतं. माझ्या मुलीची पहिली बाटली मी घरी घाईत तयार केली. पाणी खुणेपर्यंत भरलं, हलवलं आणि खूष झालो. दहा मिनिटांनी फेस बसला तर पातळी खुणेच्या बोटभर खाली! तेवढं पाणी कमी, म्हणजे दर चमच्यात औषध जास्त. फार्मासिस्ट असून ही गत.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. आधी बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी करायची. उकळून पूर्ण थंड केलेलं पाणी निम्म्याच्या आसपास घालायचं, झाकण लावून जोरात हलवायचं, फेस बसू द्यायचा आणि मग खुणेपर्यंत भरून पुन्हा हलवायचं. गरम पाणी नाही, दूध तर नाहीच. त्यानंतर *प्रत्येक* डोसआधी बाटली हलवायची. नाहीतर औषध तळाशी बसतं, सुरुवातीचे दिवस बाळ पातळ पाणी पितं आणि शेवटी गाळ.

चमचाही फसवतो. स्वयंपाकघरातले चमचे सारख्या मापाचे नसतात. सोबतचं मापाचं झाकण वापरा, त्याहून चांगली तोंडाने औषध द्यायची सिरिंज. शिवाय ५ मिलीत १२५ मिलीग्रॅम आणि ५ मिलीत २५० मिलीग्रॅम, अशा दोन ताकदीच्या बाटल्या मिळतात. मागच्या वेळी एक चमचा दिला होता म्हणून या वेळीही एक चमचा, असं धरलं तर डोस सरळ दुप्पट किंवा निम्मा होतो. मिली आणि ताकद, दोन्ही चिठ्ठीशी ताडून पाहा. कालवलेलं साधं अमॉक्सिसिलिन फार तर १४ दिवसांनी टाकून द्यायचं, लेबलवर त्याहून कमी मुदत असेल तर तेव्हाच. जोडीला क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल (त्याबद्दल पुढे) असलेलं त्याआधीच खराब होतं आणि फ्रीजमध्येच ठेवावं लागतं, तिथे लेबलवरची मुदत पाळा.

३७५च्या दोन म्हणजे ६२५ची एक नव्हे

काही जिवाणू अमॉक्सिसिलिनच्या रेणूतलं अणूंचं कडंच तोडणारं एन्झाइम बनवतात. ही युक्ती नवी नाही. ऑक्सफर्डचे संशोधक अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलिन मोडणारं असं एन्झाइम १९४०मध्येच नोंदवलं होतं, औषध लोकांपर्यंत पोचण्याआधी. त्याला गुंतवून ठेवायला क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल जोडीला देतात. ६२५च्या गोळीत ५०० मिलीग्रॅम अमॉक्सिसिलिन अधिक १२५ मिलीग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असतं आणि ३७५मध्ये २५० अधिक १२५. म्हणजे ३७५च्या दोन घेतल्या तर क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल दुप्पट पोटात जातं, आणि जुलाबांमागे बहुतेकदा तेच असतं. हातात दुसऱ्याच आकड्याची पट्टी आली तर घरी बेरीज करत बसू नका, विचारा.

ॲलर्जी: दोन्ही बाजूंनी गफलत

शंभरातले दहाएक जण सांगतात की मला पेनिसिलिन चालत नाही. त्यांची नीट तपासणी केली तर दहातल्या नऊहून अधिक जणांना ते बिनधोक चालतं. लहानपणी कधीतरी उलटी झाली किंवा पोट बिघडलं, आणि तो शिक्का जन्मभर राहिला. मळमळ किंवा जुलाब म्हणजे ॲलर्जी नव्हे. हा शिक्का फुकट पडत नाही. दरवेळी साधं, नेमकं औषध सोडून दुसरं, बऱ्याचदा जास्त फापटपसारा असलेलं औषध द्यावं लागतं.

खरी ॲलर्जी ओळखायची खूण वेगळी. डोस घेतल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात अंगावर खाजणाऱ्या गांधी उठणं, ओठ किंवा चेहरा सुजणं, घसा आवळणं, धाप लागणं, चक्कर येणं. यात फोनवर सल्ला विचारत बसायचं नाही, रुग्ण थेट इमर्जन्सीत न्यायचा. कातडीवर फोड, साल निघणं, तोंडात जखमा दिसल्या तरी तसंच. मुलांमध्ये पाच-सात दिवसांनी उठणारं चपटं, लालसर पुरळ बऱ्याचदा खऱ्या ॲलर्जीचं नसतं. ग्रंथी सुजवणाऱ्या मोनो नावाच्या विषाणूच्या आजारात अमॉक्सिसिलिन दिलं तर असं पुरळ बऱ्याचदा उठतं. तरी निवाडा स्वतः करायचा नाही. पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. पुरळाचा फोटो काढा आणि कितव्या डोसनंतर उठलं ते लिहून ठेवा. दहा वर्षांनी हीच चिठ्ठी उपयोगी पडते.

दुसरी गफलत उलटी. खरोखर ॲलर्जी असलेला माणूस 'पेनिसिलिन नको' म्हणतो आणि क्लॅव्ह्युलॅनिकवाली गोळी आनंदाने घेतो, कारण ब्रँडच्या नावात 'सिलिन' दिसत नाही. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा.

मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा मेथोट्रेक्सेट, वॉरफरिन, ॲलोप्युरिनॉल चालू असेल, तर हे आधीच सांगायचं. पातळ पाण्यासारखे जुलाब वारंवार होत असतील किंवा रक्त पडत असेल, तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नका. औषध संपून काही आठवडे झाले असले तरी ते त्याच औषधामुळे असू शकतं.

बरं वाटलं म्हणून थांबणं, आणि उरलेलं जपणं

स्ट्रेप्टोकोकसच्या घसादुखीत दोन-तीन दिवसांत आराम पडतो, तरी सहसा १० दिवस औषध देतात, कारण पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडू नयेत. उलट काही आजारांना पाच दिवसही पुरतात, तिथे 'असू दे' म्हणून आणखी पाच ओढण्यात शहाणपण नाही. दर डोस पोटातल्या, घशातल्या, कातडीवरच्या निरुपद्रवी जिवाणूंनाही चाळून काढतो आणि चिवट तेवढे उरतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५च्या नोबेल व्याख्यानात चिवट जंतूंचा हा धोका सांगितला होता: घसा दुखतो म्हणून स्वतःच अपुरं पेनिसिलिन घेणारा एक काल्पनिक गृहस्थ, त्याच्याकडून निर्ढावलेले जंतू बायकोला, आणि तिच्यावर औषध चालत नाही. पेनिसिलिन कुणालाही दुकानात विकत मिळेल अशी वेळ अजून यायची होती तेव्हा!

आता सुरुवातीच्या गिऱ्हाइकाकडे. ४८ ते ७२ तास नीट वेळा पाळूनही उतार नसेल, किंवा त्याआधीच प्रकृती खालावत असेल, तर परत डॉक्टरांकडे जा, काउंटरवर नको. आजार विषाणूचा असेल. आत पू साचला असेल, तो चीर देऊनच निघतो. जंतू कडं तोडणारा असेल, किंवा मायकोप्लाझ्मासारखा असेल, ज्याला मुळात भिंतच नसते. जाताना रिकामी पट्टी आणि डोस घेतलेल्या वेळा लिहिलेला कागद बरोबर न्या.