रायचूर दोआबाची लढाई नकाशावरून कशी समजून घ्यावी

सनावळी पाठ करायला बसू नका. मी तसंच केलं होतं आणि पेपरात सगळं विसरले. आधी कोरा कागद घ्या, वर कृष्णा आणि खाली तुंगभद्रा काढा. मधला पट्टा म्हणजे रायचूर दोआब. विजयनगर (1336) आणि बहमनी (1347) ही दोन राज्यं याच पट्ट्यासाठी पिढ्यान् पिढ्या झुंजली.

आता कारणं लिहा, पण धर्मापासून सुरुवात करू नका. पहिली जमीन: सुपीक, महसूल देणारी, रायचूर आणि मुद्गलचे किल्ले असलेली. मग बंदरं. दख्खनमध्ये चांगले घोडे निपजत नसत, ते अरबस्तानातून समुद्रमार्गे येत. घोडदळ हवं तर गोवा हाती हवं, म्हणून बहमनी वजीर महमूद गावानाने 1472 मध्ये ते विजयनगरकडून घेतलं. माझ्या मते हे कारण सगळ्यात दुर्लक्षित आहे. त्याखाली दोन ओळी जास्त लिहा.

पुढे बहमनी राज्य फुटून पाच शाह्या (छोटी सुलतानी राज्यं) झाल्या, तिथे पेन्सिलीचा रंग बदला. 1520 ला विजयनगरच्या कृष्णदेवरायाने रायचूर जिंकलं. नंतर विजयनगरचा कारभार हाती असलेल्या रामरायाने शाह्यांना आळीपाळीने एकमेकींविरुद्ध वापरलं, त्यामुळे विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर एकत्र आले. जानेवारी 1565 मध्ये तालीकोटच्या लढाईत रामराया मारला गेला, विजयनगरची राजधानी हंपी लुटली गेली आणि राजधानी पेनुकोंड्याला हलली.

इथे थांबू नका, 1574 पण लिहा: त्या वर्षी अहमदनगरच्या निजामशाहीने पाचवी शाही, म्हणजे वऱ्हाडची इमादशाही, गिळली.