कोपऱ्यातली लाल पट्टी

बाबांच्या कॉम्प्युटरवर उजव्या कोपऱ्यात सारखी लाल पट्टी यायची: 'तुमच्या संगणकात 5 व्हायरस!' दोनदा स्कॅन केलं, काहीच सापडेना. मग पट्टी निरखून पाहिली. बारीक अक्षरांत क्रोम ब्राउझरचं नाव आणि एका अनोळखी साइटचा पत्ता. म्हणजे हा व्हायरस नव्हताच, त्या साइटने पाठवलेलं नोटिफिकेशन होतं! 'रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा' असं सांगून अशा साइट्स वयस्कर माणसांकडून नोटिफिकेशनची परवानगी काढून घेतात, याचा फार संताप येतो. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून तो पत्ता काढला. पट्टी गेली, पण क्रोमचं होमपेज (उघडल्यावर येणारं पहिलं पान) आपोआप बदलतच राहिलं. त्यामागे एक एक्स्टेन्शन, म्हणजे क्रोमला जोडलेला छोटा प्रोग्राम निघाला, तोही उडवला. खात्रीसाठी विंडोज सिक्युरिटीतलं ऑफलाइन स्कॅन चालवलं. विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण 15 मिनिटं लागतात. आता बाबा निवांत पेपर वाचतात.