किनाऱ्यावरची बंदूक आणि गंज: या चुका टाळा

नळीवरचा निळसर काळा रंग शाबूत आहे म्हणून लोखंडही शाबूत आहे, असं समजणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आपण ज्याला ब्लूइंग म्हणतो तो वरून चढवलेला लेप नसतो. पोलादाच्याच पृष्ठभागाचं काळ्या ऑक्साइडमध्ये, म्हणजे मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर केलेलं असतं. हा थर अतिशय पातळ आणि सूक्ष्म छिद्रांचा असतो. त्याचा खरा उपयोग तेल धरून ठेवणं. तेल उडालं की तो जवळजवळ उघडाच.

हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग एकदम वाढतो. वेंगुर्ल्यापासून गुहागरपर्यंत पावसाळ्यात ती बहुतेक वेळ ८० च्याही वर असते. त्यात खारा वारा. मिठाचा कण ओल ओढून घेतो आणि त्यातला क्लोराइड गंजाला आत खोल न्यायला मदत करतो. म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणाऱ्या घाटावरच्या पाहुण्याची सवय आपल्याकडे चालत नाही. त्याचं वर्षातून दोनदा तेल लावून भागतं. समुद्राच्या वाऱ्यात असलेल्या घरात पावसाळ्यात आठवड्याला एकदा तरी कापड फिरवावंच लागतं.

कुठलंही काम सुरू करण्याआधी बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडाकडून दारू ठासून भरायची असेल तर गज आत घालून नळी भरलेली नाही ना, याची खात्री करा.

कोणतं तेल

खोबरेल नको. वनस्पती तेलं हवेत चिकट होतात, खवट होतात आणि त्यांतली आम्लं धातूला त्रास देतात. चिकटपणामुळे घोडा आणि चापाचे भागही जड होतात. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं. भिजलेली बंदूक पुसून झाल्यावर जरूर वापरा. पण त्याचा थर पातळ राहतो, त्यावर महिनाभर विसंबू नका. नंतर बंदुकीचं तेल किंवा गंजरोधक खनिज तेल लावा. थर पातळच हवा. निथळेपर्यंत तेल ओतून बंदूक उभी ठेवली की ते उतरत दस्त्यात मुरतं आणि लाकूड काळं, मऊ पडतं. अशा वेळी दस्ता वर आणि नळीचं तोंड खाली, जुन्या कापडावर, असं टेकवा.

ठासणीच्या बंदुकीची वेगळी गोष्ट

काळ्या दारूचा बार झाल्यावर नळीत जो काजळीचा थर उरतो त्यात पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतली ओल ओढतात आणि तेलात विरघळत नाहीत. म्हणून बारानंतर नुसता तेलाचा बोळा फिरवला तर क्षार तेलाखाली तसेच राहतात आणि गंज आतून सुरू होतो. इथे पाणीच लागतं: नळी लाकडापासून वेगळी करून साबणाचं गरम पाणी, मग साधं गरम पाणी, मग कोरडे बोळे, आणि धातू पूर्ण कोरडा झाल्यावरच तेल. हे बार काढलेल्या दिवशीच व्हायला हवं.

गंज दिसल्यावर

पांढरं सुती कापड तेलात बुडवून डागावर घासा. कापड नारिंगी झालं तर गंज ताजा आहे. अशा वेळी पॉलिश पेपर हातात घेऊ नका, त्याने गंजाबरोबर उरलेलं ब्लूइंगही जातं. डागावर तेल मुरू द्या आणि सगळ्यात बारीक, चार शून्यांच्या स्टील वूलने हलक्या हाताने घासा. तांबूस डाग निघतो, काळा थर बराचसा राहतो. संडास साफ करायचं ॲसिड तर मुळीच नको: ते ब्लूइंग खातं आणि मागे क्लोराइड सोडतं, म्हणजे नवा गंज हमखास.

पुढचं लाकूड काढून नळीची खालची बाजू जरूर बघा. बाहेरून लखलखीत दिसणाऱ्या बंदुकीतही त्या सांध्यात आणि पट्ट्याच्या कडीखाली खड्डे पडलेले सापडतात.

नवा रंग चढवताना

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं आणि ते भरून निघत नाही. दोन नळ्यांची जुनी बंदूक असेल तर तिच्या नळ्या आणि मधली पट्टी बहुधा मऊ डाखाने (सोल्डरने) जोडलेली असते. गरम ब्लूइंगच्या टाकीत साधारण १४० अंशांचं कॉस्टिक द्रावण असतं आणि ते हा डाख खातं. पट्टी सुटते. क्षार आत अडकले तर बाहेरचा रंग सुंदर दिसत असतानाच नळ्या आतून कुजत राहतात. अशा बंदुकीला रस्ट ब्लूइंगच करून घ्यावं: हलका गंज आणायचा, उकळत्या पाण्यात तो काळा करायचा, घासायचा आणि पुन्हा तेच. वेळ लागतो, पैसे जास्त जातात, पण डाख टिकतो. कोणतं ब्लूइंग करणार, हे मिस्त्रीला आधीच विचारा. उत्तर देता आलं नाही तर बंदूक परत आणा.

बाटलीतलं थंड ब्लूइंग छोट्या ओरखड्यापुरतं ठीक. बोटाचं तेलसुद्धा राहिलं तर ठिपके पडतात. त्यात सेलेनियमचे विषारी क्षार असतात, म्हणून हातमोजे घाला. वरून ऑइलपेंट मारायची पद्धत मात्र बंद व्हायला हवी. रंगाला टवका पडला की खारं पाणी कडेने आत सरकतं आणि गंज रंगाखाली लपून पसरतो. सिरॅकोटसारखा सिरॅमिक लेप किनाऱ्यावर खरोखर चांगला टिकतो, पण धातू वाळूच्या माऱ्याने खरखरीत करून, लेप देऊन भट्टीत शेकला तरच.

दुरुस्तीचं काम परवानाधारकाकडेच द्या, १९५९ च्या शस्त्र कायद्यात तशी अट आहे. घासताना नंबर पुसट झाला तर तोही गोत्यात आणणारा प्रकार, कारण खुणा खोडणं हा त्याच कायद्याने गुन्हा आहे. मिस्त्रीला नंबराच्या जागी हात न लावण्याबद्दल स्पष्ट बजावा.

ठेवण्याची जागा

चामड्याच्या किंवा फोमच्या खोळीत महिनोन्महिने ठेवू नका. दोन्ही ओल धरतात. चिऱ्याच्या भिंतीला टेकवूनही नको, पावसात ती भिंत पाझरते. बंद कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ते ओलं झालं की तापवून पुन्हा कोरडं करा.

निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते, तेव्हा ती आठवडेच्या आठवडे आपल्या हातात नसते. देण्याआधी नळीला आतबाहेर नेहमीपेक्षा जाड गंजरोधक तेल किंवा ग्रीस लावा. परत मिळाल्यावर तो थर आतून पूर्ण पुसून, उजेडाकडे धरून नळी आरपार मोकळी दिसते का ते बघा. ग्रीस भरलेल्या नळीतून बार काढला तर नळी फुगू किंवा फाटू शकते.