पीआरआय कार्डाचं क्लॉक: फोन चालतो, फॅक्स तुटतो तेव्हा

ईपीएबीएक्समध्ये (ऑफिसच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये) ई-वन पीआरआयचं, म्हणजे एकाच लाइनवर ३० कॉल आणणाऱ्या डिजिटल जोडणीचं कार्ड बसलं, हिरवा दिवा लागला, फोन लागू लागले. तरी फॅक्स अर्ध्यावर तुटतो आणि बोलताना मधूनच टक् आवाज येतो. अशा वेळी आधी क्लॉकची, म्हणजे बिटांचा वेग ठरवणाऱ्या घड्याळाची सेटिंग तपासा.

ई-वनवर सेकंदाला २०,४८,००० बिट येतात: २५६ बिटांची एक फ्रेम, अशा ८,००० फ्रेम. फ्रेममध्ये ३२ टाइमस्लॉट असतात. शून्य क्रमांकाचा फ्रेम जुळवायला, १६ क्रमांकाचा सिग्नलिंगला (कॉल जोडण्या-तोडण्याच्या संदेशांना), उरलेले ३० बोलण्याला. सुरुवात-शेवट दाखवणारे स्टार्ट-स्टॉप बिट नाहीत, त्यामुळे कार्डाला वेग येणाऱ्या सिग्नलमधूनच उचलावा लागतो. सलग शून्यांत तो हरवू नये म्हणून एचडीबी-३ कोडिंग, ज्यात सलग शून्यांच्या जागी ठराविक पल्स घातले जातात.

टेलिफोन कंपनीच्या लाइनवर कार्ड 'लाइन क्लॉक'वरच ठेवा, म्हणजे ते कंपनीचा वेग घेतं. 'इंटर्नल' (कार्डाचं स्वतःचं घड्याळ) केलंत आणि दोन्ही घड्याळांत ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक असला, तर सेकंदाला सुमारे १०२ बिट साचतात किंवा कमी पडतात. म्हणजे दर अडीच सेकंदांनी एक अख्खी फ्रेम गाळली जाते किंवा दोनदा वाचली जाते. हीच स्लिप. बोलण्यातला एकच नमुना जातो, तो कानाला जेमतेम कळतो. फॅक्स मोडेमची मात्र लय बिघडते. १६ क्रमांकाच्या स्लॉटमधला संदेशही खराब होऊन पुन्हा पाठवावा लागतो.

दोन कंपन्यांच्या लाइन असतील तर क्लॉकसाठी एकीला पहिली पसंती द्या, दुसरीला दुसरी. डाहदीत (लिनक्सवर अशी कार्डं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) स्पॅनच्या, म्हणजे त्या लाइनच्या, सेटिंगच्या ओळीतला दुसरा आकडा हेच ठरवतो. तिथे ० असेल तर त्या लाइनचं क्लॉक घेतलंच जात नाही. दोन ईपीएबीएक्स थेट जोडताना एकानेच क्लॉक द्यायचं. ज्याच्याकडे कंपनीची लाइन आहे, त्याने. मधली केबल क्रॉस हवी: १ची पिन ४ला, २ची ५ला आणि उलट. लॅनची क्रॉस केबल इथे चालत नाही, तिच्यात १-२ची जोडी ३-६ला जाते.

लूप प्लग (कार्डाचा सिग्नल परत त्याच कार्डात आणणारा प्लग) लावून कार्ड तपासताना तेवढ्यापुरतं इंटर्नल करावं लागतं, नाहीतर कार्ड स्वतःच्याच क्लॉकमागे धावतं आणि वेग भरकटतो. चाचणी संपली की प्लग काढतानाच सेटिंग परत लाइनवर आणा. पुष्कळ स्लिप इथूनच सुरू होतात.

मग चुका मोजणारे काउंटर शून्य करून २४ तास ठेवा. नुसत्या स्लिप वाढल्या तर क्लॉकच चुकलंय. सोबत सीआरसीच्या चुका (बिट बिघडल्याचं दाखवणाऱ्या तपासणीतल्या) आणि कोड व्हायोलेशन (लाइन कोडिंगचा नियम मोडणारे पल्स) ही वाढत असतील, तर केबल आणि कनेक्टर बघा.