भूल उतरताना

ठाण्यात नौपाड्यातल्या एका हॉस्पिटलात अ‍ॅनेस्थेशिया टेक्निशियन म्हणून लागलो, तेव्हा भूल चढवणं हेच खरं काम, केस संपली की सुटलो, असं मी धरून चाललो होतो. तिसऱ्याच आठवड्यात हर्नियासाठी कळव्याहून आलेली चार वर्षांची मुलगी टेबलावर होती.

झोपताना तिने काहीच त्रास दिला नाही. सेव्होफ्लुरेन या श्वासातून द्यायच्या भुलीच्या औषधाचा वास गोडसर असतो, घशाला झोंबत नाही, म्हणून सुई न टोचता लहान मुलांना मास्कवर झोपवायला तेच घेतात. भूलतज्ज्ञ मॅडमनी पिवळ्या व्हेपोरायझरचा (औषधाची वाफ करून देणारं उपकरण) डायल ८ टक्क्यांवर नेला, "फुगा फुगव बघू" म्हणाल्या, आणि थोड्याच वेळात पापण्या मिटल्या. मग डायल खाली. हे औषध रक्तात फार विरघळत नाही, त्यामुळे चढतं लवकर आणि उतरतंही लवकर.

रिकव्हरीत ती किंचाळतच उठली. डोळे उघडे, पण आईला ओळखेना. सलाइनची नळी ओढायला लागली. आई रडकुंडीला आली, "दादा, काय झालं हो हिला?" मी घाबरून तिचे हात दाबून धरले, तशी ती जास्तच बिथरली. मॅडमनी आधी सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन बघितला, दुखतंय का ते तपासलं, दिवा मंद केला, आईला उशाशी बसवलं. वीसेक मिनिटांनी "आई, पाणी" असा आवाज आला. सेव्होनंतर शाळेआधीच्या वयात हे बऱ्याचदा दिसतं. पालकांना हे आधीच सांगायला हवं.

सेव्होनंतर मळमळ, उलटी नेहमीचीच. डोस वाढला की बीपी उतरतं, श्वास उथळ होतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांची नाडी मंदावू शकते, नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपिन हाताशी ठेवा. मॅलिग्नंट हायपरथर्मिया, म्हणजे भुलीच्या औषधाने स्नायू भडकून शरीर तापणं, क्वचित होतो, पण जिवावर बेततो. त्यात मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइड आधी चढतो, ताप बहुतेकदा मागून येतो. त्यावरचं औषध डँट्रोलीन कुठे ठेवलंय, नसेल तर कुठून येईल, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

भुलीच्या मशीनच्या डब्यातले, श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे सोडा लाइमचे दाणे जांभळे झाले की बदलायचे, हे सगळेच शिकवतात. पण ऑक्सिजन रात्रभर चालू राहिला तर दाणे कोरडे पडतात, आणि ते रंगावरून कळत नाही. कोरड्या दाण्यांवर सेव्हो गेलं की डबा तापतो, नको ते वायू तयार होतात. शनिवारी ऑपरेशनची लिस्ट संपल्यावर ऑक्सिजनचा फ्लोमीटर बंद आहे का, ते मी हात लावून बघतो, मगच स्टेशनकडे निघतो.