आधी रोस्टर मागा, मग विमान निवडा

पायलटची पहिली नोकरी टर्बोप्रॉपवर, म्हणजे पंख्यांच्या विमानावर, धरू की जेटसाठी थांबू, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, तिथल्या एखाद्या फर्स्ट ऑफिसरचा (सहवैमानिकाचा) गेल्या महिन्याचा रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, बघितलात का? बहुतेकांनी बघितलेला नसतो. विमानाचे फोटो मात्र फोनमध्ये पन्नास असतात.

रोस्टर मिळवा आणि पेन घेऊन सेक्टर मोजा. एक उड्डाण ते लँडिंग म्हणजे एक सेक्टर. एटीआर ७२ या टर्बोप्रॉपवर माझा साधा दिवस पाच सेक्टरचा असायचा, एकेक पन्नासेक मिनिटांचा. म्हणजे हजार तासांत बाराशे सेक्टर. निम्मे कॅप्टनकडे गेले तरी सहाशे लँडिंग तुमच्या हातची. अडीच तासांच्या सेक्टरवर जेट उडवणाऱ्याला तेवढ्याच तासांत दोनशे मिळतात. लॉगबुकात दोघांचे हजार तास सारखेच दिसतात. अर्थात पाच सेक्टर म्हणजे पाच ब्रीफिंग, पाच लोडशीट (विमानातल्या वजनाचे तक्ते), पाचदा हवामान. चौथ्या सेक्टरला मेंदू कसा चालतो ते रोस्टरवर दिसत नाही. ते ज्याचा रोस्टर आहे त्यालाच विचारा.

टर्बोप्रॉप हाताला काय शिकवतं? एटीआरला पॉवर आपोआप सांभाळणारा ऑटोथ्रॉटल नव्हता, पॉवर आपणच लावायची. पॉवर बदलली की नाक एका बाजूला जाणार, मग लगेच रडर ट्रिम, म्हणजे शेपटीचं सुकाणू जुळवून नाक सरळ करायचं. पहिले दोन महिने माझं ट्रिम मागे आणि विमान पुढे. शिवाय हवामान टाळायला उंची नाही. कमाल २५,००० फूट, प्रत्यक्षात आम्ही बहुतेक वेळा त्याच्याही खाली, म्हणजे बर्फ धरणाऱ्या ढगांतच. कॅप्टनच्या खिडकीबाहेर एक छोटा दांडा असतो. त्यावर बर्फ चढतोय का यावर डोळा ठेवायचा आणि चढला की किमान वेग वाढवून धरायचा. १९९४ मध्ये अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर ७२ बर्फामुळे कोसळलं, ६८ माणसं गेली. टर्बोप्रॉप घेणार असाल तर त्या अपघाताचा अहवाल टाइप रेटिंगच्या, म्हणजे त्या विमानाच्या खास प्रशिक्षणाच्या, आधी वाचून काढा. सुट्टीत वाचायची गोष्ट नाही ती, पण वाचाच.

जेटचं गणित वेगळं आहे. तिथे हातापेक्षा डोकं पुढे पळावं लागतं. ए३२० या जेटवर लाइन ट्रेनिंगचा, म्हणजे प्रवाशांसह उडत शिकायचा, पहिला आठवडा होता. कंट्रोलरने आम्हाला उंच धरून ठेवलं आणि मग एकदम खाली सोडलं. एटीआरवर पॉवर लिव्हर मागे घेतले की पंखेच ब्रेकसारखे अडतात, विमान मुकाट्याने मंदावतं. इथे इंजिनं आयडलवर (किमान पॉवरवर), स्पीडब्रेक बाहेर, तरी वेग २५० नॉटच्या खाली यायला तयार नाही. कॅप्टन शांतपणे म्हणाले, “काय ते एक ठरव. खाली यायचंय की हळू व्हायचंय?” शेवटी कंट्रोलरकडून दहा मैल जास्तीचे मागून घेतले. तेव्हापासून दर हजार फुटांना तीन मैल, वर मंदावायला दहा, हा हिशोब मी उतरायला लागायच्या आधीच करून ठेवते. एटीआरवर तो चुकला तरी निभायचं.

आता करिअरचं. टर्बोप्रॉपवरचे कॅप्टन जेटवर निघून जात राहतात, म्हणून तिथे डावी, म्हणजे कॅप्टनची, सीट बऱ्याचदा लवकर मिळते, आणि कमांडचे तास पुढे कुठेही वजनदार ठरतात. कॅप्टन व्हायला लागणाऱ्या एटीपीएल लायसन्सला किमान १,५०० तास लागतात. कंपनी कमांडसाठी किती मागते आणि गेल्या वर्षी खरोखर कितव्या तासाला दिली, हे दोन वेगळे आकडे आहेत. दुसरा विचारा. मी विचारला नव्हता. कमांड आठ महिन्यांवर आली असताना जेटच्या हौसेने कंपनी बदलली आणि नव्या सीनिऑरिटी यादीच्या तळाशी जाऊन बसले. डावी सीट साडेचार वर्षं लांबली. माझ्या बॅचचा मित्र एटीआरवरच थांबला, कॅप्टन झाला, नंतर जेटवर आला.

टर्बोप्रॉपचा तोटाही लपवत नाही. काही जाहिरातींत जेटचेच तास मागतात, किंवा अमुक टनांच्या वरच्या विमानाचे. एटीआर ७२ जेमतेम २३ टनांचं, ए३२० सत्तरच्या पुढे. पाच वर्षांनी जिथे जायचंय तिथल्या जाहिराती आजच उघडा आणि त्या ओळी शोधा. कंपनीकडे दोन्ही प्रकारची विमानं असतील तर सीनिऑरिटी एकच आहे का आणि फ्लीट बदलायला किती वर्षं थांबावं लागतं, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासन देणारा माणूस वर्षभरात दुसऱ्या खात्यात गेलेला असतो.

दोन्ही ऑफर खरोखर हातात असतील आणि जेटवाल्यांकडे कमांडची रांग हलती असेल, तर जेट घ्या, मी अडवणार नाही. पण टर्बोप्रॉपची ऑफर हातात आणि जेटचं फक्त “बहुतेक पुढच्या तिमाहीत” असेल तर टर्बोप्रॉप घ्या, याच आठवड्यात. जमिनीवर काढलेलं वर्ष सिम्युलेटरमध्ये पहिल्या दहा मिनिटांत दिसतं, मीही समोर बसून ते पाहिलंय.

सही करण्याआधी बॉण्डची, म्हणजे कंपनी न सोडण्याच्या कराराची, मुदत कुठल्या दिवसापासून मोजणार ते बघा: सहीपासून, टाइप रेटिंग संपल्यापासून, की लाइन रिलीजपासून, म्हणजे ट्रेनिंग संपून नेहमीच्या उड्डाणांना मोकळं झाल्यापासून. माझा लाइन रिलीजपासून होता. ट्रेनिंग कॅप्टन कमी पडले, माझा रिलीज पाच महिने लांबला, आणि ते पाच महिने बॉण्डमध्ये कुठेच धरले गेले नाहीत.